उगम उणा होतो का?

बिबवेवाडीच्या उत्तरेला लागूनच मार्केट यार्ड आहे आणि त्यात पुण्याचा फूलबाजार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे झेंडू, शेवंती, निशिगंधाचे ढीग लागतात आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो. हा वास फुलातून बाहेर पडतो, तेव्हा फूल तेवढ्या अंशाने कमी होते का? हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या काळाइतका जुना आहे. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जीवाविषयीची चर्चा चालली आहे: जीव अणूएवढा असेल, तर त्याचे चैतन्य सबंध शरीरात पसरते कसे? तिथे गंधाचा दाखला येतो. फूल एका जागी असते आणि गंध दूरवर जातो. शांकरभाष्यात यावर शंका निघते की गंध हा गुण आहे, गुण आपल्या द्रव्याला सोडून एकटा फिरणार नाही, म्हणजे फुलाचे बारीक कणच उडत असले पाहिजेत. मग फूल झिजायला हवे. झीज तर दिसत नाही, असे एक बाजू म्हणते. कण इतके सूक्ष्म आहेत की झीज कळत नाही, असे दुसरी बाजू म्हणते.

वासापुरता हा वाद आता मिटला आहे. वास म्हणजे हवेत मिसळणारे रेणू, आणि त्यांच्याबरोबर द्रव्य घटतेच. देव्हाऱ्यातली कापराची वडी उघडी राहिली की आपसूक लहान होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. पण तोच प्रश्न जगाच्या मुळाला लावला की अवघड होतो. एखाद्या उगमातून काहीतरी सहज पाझरत, पसरत, प्रकटत राहते आणि त्यातूनच सगळे घडते, या कल्पनेला तत्त्वज्ञानात निःसरणवाद म्हणतात. घडवणारा एकीकडे आणि माल दुसरीकडे, असा भेद तिच्यात नाही. उगम हाच कर्ता आणि उगम हाच माल. या कल्पनेला विज्ञान, दर्शने आणि धर्म यांत जी जी रूपे मिळाली, ती दोन प्रश्नांवर पारखता येतात. देऊन देऊन उगम उणा होतो का? आणि जे बाहेर पडले, ते उगमाहून हलके असते का? पहिल्या प्रश्नावर विज्ञान आणि धर्म यांच्या वाटा फुटल्या. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण महाराष्ट्रात तो माणसांच्या जगण्याला भिडला.

विज्ञानाने ही कल्पना आधी भोळेपणाने घेतली. नैयायिक मानत की डोळ्यातून तेजाचा किरण निघून वस्तूपर्यंत जातो, म्हणून ती दिसते. न्यायसूत्रांत त्याला पुरावाही दिला आहे: रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत किरण दिसतात. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ते त्यांच्या मागच्या परावर्तक पडद्यामुळे, हे आज ठाऊक आहे. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने पद्धतशीरपणे मांडले. तरी डोळ्यातून काहीतरी बाहेर पडते ही समजूत गेलेली नाही. बाळाच्या गालावरची काजळाची तीट, मीठमोहऱ्यांनी काढलेली दृष्ट, शनिवारी दुकानाच्या दारात बांधलेले लिंबू आणि मिरच्या, या सगळ्यांमागे तीच आहे. युरोपात १६०० साली विल्यम गिल्बर्टने घासलेल्या अंबराचे आकर्षण असेच समजावून सांगितले होते: त्यातून एक सूक्ष्म द्रव बाहेर पसरतो आणि हलक्या वस्तू ओढून आणतो.

मग १८९९ साली या कल्पनेला खरोखरचे शरीर मिळाले. मॉन्ट्रिऑलमध्ये रदरफर्ड आणि ओवेन्स थोरियमचा अभ्यास करत होते. थोरियमची किरणोत्सारिता वाऱ्याच्या झुळकेने बदलत होती. त्यातून वायूसारखे काहीतरी निघत होते आणि ते स्वतःही किरणोत्सारी होते. रदरफर्डने त्याला ‘इमॅनेशन’, म्हणजे निःसरण, म्हटले. १९०० साली जर्मनीत डॉर्नला रेडियममधून तसेच काही निघताना आढळले. प्राचीन तत्त्वज्ञ प्लोटायनसच्या ग्रंथांच्या भाषांतरांत वापरला जाणारा हा शब्द काही वर्षे रसायनशास्त्राच्या तक्त्यात बसला होता. पुढे रॅम्झी आणि व्हायटलॉ-ग्रे यांनी त्या वायूचे अत्यल्प नमुने तोलून त्याचा अणुभार काढला आणि १९२३च्या सुमारास त्याचे नाव रेडॉन झाले. दरम्यान १९०२ साली रदरफर्ड आणि सॉडी यांनी मोठी गोष्ट सांगितली होती: हा वायू मूळ द्रव्यात कोंडलेला नव्हता, मूलद्रव्याचा अणूच बदलून दुसऱ्याचा झाला होता. म्हणजे इथे उगम झिजतो, आणि किती झिजतो त्याचा हिशेब मांडता येतो. रेडियम सुमारे १६०० वर्षांत निम्मे उरते. त्यातून निघालेला रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. थोरियमचा वायू तर एका मिनिटाच्या आतच.

शब्द मात्र विज्ञानातून पुरता गेला नाही. खनिजाच्या कणात जन्मलेल्या रेडॉनपैकी किती अंश कणाबाहेर पडतो, त्या गुणोत्तराला भूभौतिकीत आजही इमॅनेशनचा गुणांक म्हणतात. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा बेसॉल्ट ग्रॅनाइटच्या तुलनेत युरेनियमला गरीब, म्हणून रेडॉनही त्यातून कमी पाझरतो. पण पाझरतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, वातावरणातल्या विजेचा अभ्यास झाला, त्यात जमिनीलगतच्या हवेतल्या रेडॉनचाही विचार आला, कारण तिथली हवा आयनित होण्यात त्याचा वाटा मोठा. रात्री हवा स्थिर असते, तेव्हा रेडॉन साचतो आणि पहाटे सर्वांत जास्त होतो. ऊन तापून हवा वर जाऊ लागली की तो विरळ होतो. तळजाईच्या टेकडीवर पहाटे फिरायला जाणारा माणूस जमिनीचा हा श्वास आपल्या श्वासाबरोबर घेत असतो.

सूर्याचे उदाहरण तर सर्व निःसरणवाद्यांचे लाडके. सूर्य प्रकाश देतो आणि तसाच राहतो, असे ते म्हणत. प्रत्यक्षात सूर्याचे दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाशात जाते. त्याच्या आकारापुढे हे नगण्य आहे, पण शून्य नाही. १९७४ साली हॉकिंगने दाखवले की सिद्धांतानुसार कृष्णविवरातूनही किरण बाहेर पडले पाहिजेत, आणि तेही त्यामुळे झिजत गेले पाहिजे. भौतिकशास्त्राला अक्षय उगम भेटलेला नाही.

त्याच्या सर्वांत जवळ जाणारा सिद्धांत पुण्याशी जोडलेला आहे. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिर-स्थिती विश्वाची कल्पना मांडली: विश्व पसरते, पण त्याला आरंभ नाही, कारण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते. टीकाकारांनी विचारले, हे द्रव्य येते कुठून? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडता का? कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी हॉइलबरोबर १९६०च्या दशकात याला गणिती उत्तर दिले. त्यांनी ‘सी’ नावाचे एक क्षेत्र मानले, ज्याची ऊर्जा ऋण आहे. द्रव्याचा कण जन्मतो तेव्हा क्षेत्राची ऊर्जा तेवढीच खाली जाते आणि बेरीज जमते. मला यातला प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. द्रव्य कुठून आले, हे सांगायची जबाबदारी त्यांनी टाळली नाही, उगमाच्या खात्यात तेवढे कर्ज दाखवले. १९६५ साली पेन्झिअस आणि विल्सन यांना सापडलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाने बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाकडे गेला. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली सुधारित रूप मांडले, तेही थोड्यांनीच स्वीकारले. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभारली आणि २०२५च्या मे महिन्यात पुण्यातच त्यांचे निधन झाले. फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेणाऱ्या या माणसाच्या ‘सी’ क्षेत्राला कुणी ब्रह्म म्हणू नये. क्षेत्राची ऊर्जा मोजता येते आणि सिद्धांत निरीक्षणाने हरू शकतो. ब्रह्माच्या बाबतीत यातले एकही लागू होत नाही. आपल्याकडे व्याख्यानांत दोन्ही एकत्र घोटले जातात, त्याने दोघांचीही हानी होते.

दर्शनांकडे वळले की पहिले नाव प्लोटायनसचे. इजिप्तकडचा हा विचारवंत तिसऱ्या शतकात रोममध्ये शिकवत असे. हिंदुस्थानी आणि इराणी तत्त्वज्ञान शिकावे म्हणून तो २४३ साली सम्राट गॉर्डियनच्या पूर्वेकडच्या मोहिमेत सामील झाला होता, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. सम्राट मारला गेला आणि प्लोटायनस भारतापर्यंत पोचला नाही. त्याच्या मते सर्वांच्या वर ‘एक’ आहे. त्याच्या परिपूर्णतेतून बुद्धितत्त्व ओसंडते, बुद्धीतून आत्मा, आणि प्रकाश संपत जातो तिथे जडद्रव्य. ‘एक’ कणभरही उणा होत नाही. पण खाली येणारे प्रत्येक पाऊल मात्र आधीच्याहून फिके. अल्-फाराबी आणि इब्न सीना यांनी ही उतरंड दहा बुद्धितत्त्वांची केली, यहुदी कब्बालात ती दहा सेफिरोतांची झाली. ११११ साली वारलेल्या अल्-गझालीने तिच्यावर नेमका घाव घातला: ईश्वरातून जग आपोआप झरत असेल, तर ईश्वराला इच्छा कुठे उरली?

भारतीय परंपरेत उपनिषदांनी कोळ्याचा धागा आणि अग्नीच्या ठिणग्या हे दाखले दिले. तैत्तिरीयात आत्म्यापासून आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी असा क्रम आहे. सांख्यांनी त्याची सर्वांत काटेकोर मांडणी केली: प्रकृतीपासून महत्, त्यापासून अहंकार, पुढे इंद्रिये, तन्मात्रे, महाभूते, आणि पुरुष धरून पंचवीस तत्त्वे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ हे एक सबंध प्रकरण यावर खर्च केले आणि सांख्यांचा गुणपरिणाम डार्विन आणि हेकेल यांच्या उत्क्रांतीशेजारी मांडला. प्रकरण वाचनीय आहे, पण तुलना मला पुरती पटत नाही. सांख्यांच्या रचनेत सूक्ष्माकडून स्थूलाकडे येतात, म्हणजे बुद्धी आधी आणि माती शेवटी. उत्क्रांतीत माती आधी आणि बुद्धी फार उशिरा. दोन्ही क्रमवार आहेत, एवढ्यावरून ते सजातीय ठरत नाहीत.

पुणे जिल्ह्यात या विचाराची एक फार जुनी खूण आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या लेखात संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन आहे. तेव्हा ते यादवकुळातले पूजनीय वीर होते. पुढे पांचरात्र आगमांनी यांतूनच व्यूहांची मालिका रचली: वासुदेवापासून संकर्षण, त्यापासून प्रद्युम्न, त्यापासून अनिरुद्ध, आणि पुढच्या तिघांना अनुक्रमे जीव, मन, अहंकार अशी जागा. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी तिला हरकत घेतली: जीव वासुदेवापासून उत्पन्न झाला असेल, तर तो उत्पत्ती असलेल्या प्रत्येक वस्तूप्रमाणे नाशवंत ठरेल, मग मोक्ष कुणाला? निःसरणवादावरच्या आक्षेपांत हा मला सर्वांत बिनतोड वाटतो.

धर्म म्हणजे आज प्रत्यक्ष चाललेली उपासना, असे धरले, तर बिबवेवाडीत एका फेरीत ही सगळी रूपे भेटतात. गंगाधामच्या बाजूला आईमातेचे मंदिर आहे. आईमाता ही राजस्थानातल्या बिलाड्याची, सिरवी समाजाची देवी, आणि तिथल्या अखंड ज्योतीवर त्या समाजाची श्रद्धा आहे. ज्योत हेच न घटणाऱ्या उगमाचे सर्वांत सोपे रूप आहे: एकीवरून दुसरी लावली तरी पहिली तशीच. नवरात्रात वाचल्या जाणाऱ्या सप्तशतीत तर प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो. सर्व देवांचे तेज एकवटून देवी प्रकटते, आणि शुंभाशी लढताना तिच्याच विभूती असलेल्या साऱ्या शक्ती पुन्हा तिच्यात विरतात. सातारा रस्ता ओलांडला की धनकवडीत शंकर महाराजांचा मठ आहे. १९४७ साली त्यांनी तिथे समाधी घेतली. अक्कलकोट स्वामींशी त्यांचे नाते सांगितले जाते. दत्तसंप्रदायात श्रीपाद श्रीवल्लभ, नृसिंह सरस्वती, स्वामी समर्थ या माळेकडे अवतार आणि अंश म्हणूनच पाहतात. दर गुरुवारी तिथे रांगेत उभे राहणाऱ्यांना निःसरणवाद शिकवावा लागत नाही. मूळ दत्त कमी झाला आणि महाराज आले, असे त्यांच्यातला कुणीही मानत नाही.

याच भागात जैन वस्ती मोठी आहे, आणि त्यांचे दर्शन या कल्पनेला मुळातच नाही म्हणते. जग अनादी, जीव अनंत आणि स्वतंत्र, कुणीही कुणातून निघालेला नाही. बौद्धही आदिउगम मानत नाहीत. कारणांची साखळी मानतात, पण तिला पहिली कडी नाही.

मराठीच्या पहिल्या शतकांतच या प्रश्नावर दोन ठाम उत्तरे दिली गेली. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले, चारही नित्य आणि एकमेकांपासून वेगळे. महानुभावांचा परमेश्वर कृपेने अवतार घेतो, पण जीव हा त्याचा तुकडा नव्हे. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली, आणि ज्ञानेश्वरांनी स्वतंत्रपणे ‘अमृतानुभव’ लिहिला. दहा प्रकरणांच्या, सुमारे आठशे ओव्यांच्या या ग्रंथापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्ती एकमेकांना असे भिडलेले आहेत की कोण कोणातून निघाले, हे विचारायला फट उरत नाही. सातव्या, सर्वांत लांब प्रकरणात अज्ञानाचे खंडन आहे. जग अज्ञानाने भासते, असे म्हणायचे तर ते अज्ञान राहते कुठे? ज्ञानात राहू शकत नाही आणि ज्ञानाबाहेर काही नाही. मग जे दिसते ते काय? चैतन्याचा विलास. ते स्वतःच दृश्य होते आणि स्वतःच द्रष्टा. तिसऱ्या प्रकरणात ज्ञानेश्वर शिवसूत्राचा आधार नावानिशी घेतात, म्हणून काश्मीर शैवमताशी असलेले नाते निव्वळ तर्काचे नाही. विसाव्या शतकात यावर मोठा वाद झाला. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानेश्वरांना शंकराचार्यांच्या मार्गावर ठेवले, भा. पं. बहिरट यांनी त्यांच्या मताला स्फूर्तिवाद म्हणून वेगळे स्थान दिले. मूळ ग्रंथ वाचताना बहिरटांकडे माझा कल जातो. प्लोटायनसशी तुलना केली की फरक नीट दिसतो. इथेही उगम उणा होत नाही, पण इथे फिकी पडत जाणारी उतरंडही नाही. दगडात चैतन्य कमी आणि देवात जास्त, असे अमृतानुभव म्हणत नाही.

समाजात मात्र उतरंड होती, आणि तिचे समर्थनही निःसरणाच्या कथेनेच होत असे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखाशी, बाहूंशी, मांड्यांशी आणि पायांशी चार वर्ण जोडले आहेत. उगमाचा कोणता अवयव, यावर माणसाची पायरी ठरली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या कथेला सरळ प्रश्न विचारले. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात ते विचारतात की मुखातून जन्म झाला, तर जन्माला लागणाऱ्या बाकीच्या देहधर्मांचे काय, आणि या जन्मकथेत इंग्रजांचा उल्लेखच का नाही. फुल्यांनी फक्त खंडन केले नाही. मरणोत्तर १८९१ साली आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी ‘निर्मीक’ मांडला. निर्मीक जग आणि माणसे निर्माण करतो, त्याच्या अंगातून काही झरत नाही. त्यामुळे कुणीही त्याच्या तोंडाजवळचा नाही की पायाजवळचा नाही. सगळे स्त्रीपुरुष त्याच्यापासून सारख्याच अंतरावर. गझालीने ईश्वराच्या इच्छेसाठी निःसरण नाकारले होते. फुल्यांनी ते माणसाच्या समतेसाठी नाकारले, आणि माझ्या माहितीत या प्रश्नावरची ही सर्वांत वेगळी मांडणी आहे.

तरी अमृतानुभवातही पायऱ्या नव्हत्या, मग त्या विचाराने समाज का हलला नाही? ज्ञानेश्वरांच्या काळातला चोखामेळा पंढरपुरात देवळाबाहेरच राहिला. वारकऱ्यांनी जेवढे केले ते थोर होते, पण ते पंगतीपर्यंत, विहिरीपर्यंत गेले नाही. हा प्रश्न पूर्ण गांभीर्याने विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४६ साली फुल्यांना अर्पण केलेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात त्यांनी पुरुषसूक्ताची चिरफाड केलीच होती. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथातल्या एका प्रकरणात ते याच कल्पनेच्या दुसऱ्या टोकाला जातात. सर्वांत एकच ब्रह्म आहे हा उपनिषदांचा विचार ते टाकाऊ मानत नाहीत. लोकशाहीला याहून भक्कम पाया मिळणार नाही, असे ते म्हणतात: प्रत्येक माणूस त्याच ब्रह्माचा अंश असेल, तर सगळे समान असलेच पाहिजेत. मग हे ब्रह्म धर्मात का उतरले नाही, समाजरचनेत त्याचे काहीच फळ का दिसले नाही, आणि ज्यांनी हे तत्त्व सांगितले त्यांनीच अस्पृश्यता कशी चालू दिली, हे ते विचारतात. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा सारा गदारोळ राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून झाला, मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. ब्रह्मावरच्या त्या प्रकरणाला मराठी तत्त्वचिंतकांनी सविस्तर उत्तर द्यायला हवे, आणि ते देताना ‘अमृतानुभव’ शेजारी उघडा ठेवायला हवा.